परवान्याची बंदूक गाडीतून नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूरचा घाटमाथा या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या घराघरांत बंदुका आहेत. काही ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे भरायच्या, आहेत, काही काडतुसाच्या, आणि बहुतेक सगळ्या शेतीच्या राखणीसाठी घेतलेल्या आहेत. पूर्वी बंदूक घराच्या कोनाड्यातून निघून परसातल्या बागेत जाई आणि परत येई. आता कलमबाग किंवा काजूची लागवड घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर असते, नूतनीकरणासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते. म्हणजे बंदूक गाडीत बसते. आमच्या घरीही परवाना असल्यामुळे शेजारीपाजारी जे प्रश्न विचारत आले आहेत, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

माझ्याकडे रीतसर परवाना आहे. बंदूक कायम गाडीतच ठेवली तर चालेल का?

नाही. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, ती कोठेही टाकून ठेवण्याचा नसतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी बंदूक नेताना ती तिच्यासाठी बनवलेल्या पिशवीत किंवा पेटीत पूर्ण झाकलेली असावी लागते, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा असावा लागतो. आठवडी बाजारात गाडी उभी करून आपण मासळी घ्यायला गेलो की हा ताबा संपतो. गाडीला कुलूप आहे, हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही, कारण काच फोडायला दगड आणि अर्धे मिनिट पुरते. गाडीने बंदूक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावी आणि पोचल्यावर ती बाहेर काढावी. तिची कायमची जागा घरातले कुलपाचे लोखंडी कपाट हीच आहे. या पानावरील पुढची सगळी उत्तरे याच एका गोष्टीवर उभी आहेत.

लोक तिला ‘शिकारीची बंदूक’ म्हणतात. मग शिकारीला जाताना ती गाडीत नेणे कायदेशीर आहे ना?

हा शब्द तोंडात बसलेला असला तरी त्यामागचा व्यवहार आता कायद्याने बंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वन्य प्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे, आणि ‘शिकार’ या शब्दात जनावर मारण्याचा प्रयत्न, पकडणे, फासे लावणे व हाकून घालणेही येते. त्यामुळे ससा किंवा भेकर मारायला जातो असे सांगून कोणी बंदूक गाडीत घालत असेल, तर त्याचा परवाना कितीही चोख असला तरी त्याचा हेतूच बेकायदेशीर ठरतो.

अपवाद आहे तो पिकाची नासाडी करणाऱ्या ठरावीक जनावरांचा. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या बाबतीत शेतकऱ्याने वनखात्याकडे अर्ज केल्यावर लेखी परवानगी मिळू शकते. ही परवानगी ठरावीक जनावरासाठी, ठरावीक क्षेत्रापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती असते. गव्याला ती लागू होत नाही, मग त्याने रात्रीत अख्खा ऊस तुडवलेला असो. गव्यांनी लोळवलेल्या पिकाच्या बांधावर उभे राहून हे ऐकणे किती कठीण जाते हे मी पाहिले आहे. पण त्यावरचा कायदेशीर मार्ग पंचनामा आणि नुकसानभरपाई हाच आहे.

अशी परवानगी हाती असेल तर राखणीला निघताना तिची मूळ प्रत शस्त्र परवान्यासोबत जवळ बाळगावी. घरी ठेवलेला कागद रात्री दोन वाजता रस्त्यावर उपयोगी पडत नाही.

माझा परवाना शेतीसंरक्षणाचा आहे. बंदूक घेऊन तालुक्याबाहेर, किंवा गोव्यात, जाता येईल का?

परवाना उघडून क्षेत्राचा रकाना वाचावा. काही परवाने संपूर्ण भारतासाठी असतात, काही राज्यापुरते, काही जिल्ह्यापुरते. शेतीसंरक्षणाचे परवाने बहुधा याहूनही लहान क्षेत्राला बांधलेले असतात. त्या क्षेत्राबाहेर बंदूक नेणे हा परवान्याच्या अटीचा भंग आहे, आणि अटीचा भंग केल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

बांद्याहून गोव्याच्या हद्दीवरचे पत्रादेवी काही मिनिटांवर आहे आणि दोडामार्गच्या अनेक कुटुंबांची सोयरीक सीमेपलीकडे आहे. म्हणूनच ही चूक सहज घडते. गोव्यात मेहुण्याकडे गणपतीला निघताना कालच्या राखणीची बंदूक डिकीत विसरलेली असते. विसरलो हे खरे असले तरी त्याने परवान्याचे क्षेत्र वाढत नाही. कोणत्याही लांबच्या प्रवासापूर्वी डिकी उघडून पाहण्याची सवय लावावी.

क्षेत्राबाहेर दुरुस्तीसाठी किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नूतनीकरणासाठी जायचे असल्यास आधी आपल्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी कळवून त्याची पोच सोबत ठेवावी. बंदूक जमा करण्याची नोटीस आली असेल तर ती नोटीसच सोबत ठेवावी. नेण्याचे कारण कागदावर असले की पुढचे संभाषण सोपे होते.

गाडीत ठेवण्यापूर्वी बंदूक रिकामी करायची म्हणजे नेमके काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर बंदुकीच्या जातीवर अवलंबून आहे, आणि बहुतेक अपघातांचे मूळ येथेच असल्याने ते सावकाश वाचावे.

काडतुसाची बारा बोरची दुनळी बंदूक असेल तर ती मोडून, म्हणजे बिजागरीपाशी वाकवून उघडून, दोन्ही काडतुसे काढावीत, आणि मग उजेडाकडे धरून नळीतून आरपार पाहावे. दोन्ही नळ्यांतून गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. केवळ काडतुसे काढली म्हणजे काम झाले असे समजू नये, कारण नळीत चिंधी, माती किंवा गांधीलमाशीचे घर अडकलेले असू शकते आणि तशा नळीतून बार काढल्यास नळी फुटते. त्यानंतर पुढचे लाकूड काढून नळी व दस्ता वेगळे करावेत. असे तीन भाग झालेली बंदूक छोट्या पिशवीतही मावते, आणि तिच्यातून चुकूनही बार उडू शकत नाही.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी आहे. तिची केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, काढली की लोक ती रिकामी झाली असे म्हणतात. ती रिकामी झालेली नसते. दारू, चिंध्या आणि छर्रे नळीत तसेच असतात, आणि केपेच्या जागी ठिणगी पडण्याची कोणतीही सोय झाली की बार उडतो. आमच्या घरची रीत अशी होती. वडिलांनी गजावर, म्हणजे बंदूक ठासायच्या सळीवर, एक खाच पाडली होती. रिकाम्या नळीत गज सोडला की ती खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येई. नळी ठासलेली असली की खाच चार बोटे वर राही. बंदूक हातात घेतली की पहिल्यांदा गज सोडायचा आणि खाच पाहायची, मग बाकी सगळे. केप आहे की नाही हे ते नंतर बघत. ही खूण प्रत्येक ठासणीच्या बंदुकीच्या गजावर असावी असे माझे ठाम मत आहे. ती पाडायला एक कानस पुरते.

म्हणून ठासलेली बंदूक गाडीत घालूच नये. घरून ठासून निघण्याची सवय सोडावी आणि बागेत पोचल्यावर ठासावी. राखण संपली आणि बार शिल्लक राहिला, तर गजाला पेच लावून भरलेले बाहेर काढण्याचे काम जाणत्या माणसाकडून, केप आधी काढून आणि नळीच्या तोंडासमोर कोणीही नसताना करून घ्यावे.

सेफ्टी लावली असेल तर भरलेली बंदूक नेली तर काय बिघडते?

बहुतेक साध्या बंदुकांची सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा ती धरून ठेवत नाही. घाटातल्या खड्ड्यात बंदूक आपटली तर झिजलेला घोडा निसटू शकतो, आणि बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकांत हा धोका आणखी मोठा असतो. गाडीत भरलेली बंदूक नको, याला कोणताही अपवाद नाही.

गाडीत ती कोठे आणि कशी ठेवावी?

बंद पिशवीत किंवा पेटीत घालून, डिकी असल्यास डिकीत, आडवी ठेवावी आणि हलणार नाही अशी बांधावी. डिकी नसलेल्या गाडीत मागच्या सीटखाली, मुलांचे पाय आणि हात पोचणार नाहीत अशा जागी ठेवावी. चालकाच्या मांडीवर, दोन सीटच्या मध्ये किंवा दाराला टेकवून उभी ठेवू नये. पिकअपच्या मागच्या हौद्यात खताच्या गोणींवर उघडी टाकू नये.

दुचाकीवरून बंदूक नेणारे पुष्कळ आहेत. मागे बसलेल्या माणसाच्या हातात उघडी बंदूक हे दृश्य रस्त्यावरच्या इतरांना घाबरवणारे तर आहेच, पण झाकून नेण्याच्या नियमाचाही तो सरळ भंग आहे. पर्यायच नसेल तर तीन भाग वेगळे करून पाठीवरच्या बंद पिशवीत न्यावी.

आणि बाहेर काढताना नळीला धरून आपल्याकडे ओढू नये. मी लहान असताना आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी जीपच्या मागच्या भागातून बंदूक अशीच नळीला धरून ओढली. घोडा टोपलीच्या दोरीत अडकला आणि बार त्यांच्या दंडाजवळून ताडपत्रीतून वर गेला. ताडपत्रीला पडलेले भोक पुढे कित्येक वर्षे तसेच होते. बंदूक ‘रिकामी’ आहे, अशी त्यांची खात्री होती. दस्त्याकडून धरावे, नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवावे आणि घाई करू नये.

काडतुसे आणि दारू बंदुकीसोबतच ठेवावी का?

वेगळी ठेवावी, वेगळ्या बंद डब्यात, आणि शक्य असल्यास गाडीच्या वेगळ्या भागात. परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील याचा आकडा लिहिलेला असतो. गाडीतली आणि घरातली मिळून तेवढीच धरली जातात.

ज्यांच्याकडे बारा आणि वीस अशा दोन बोरच्या बंदुका आहेत त्यांनी विशेष जपावे. वीस बोरचे काडतूस बारा बोरच्या काडतुसापेक्षा बारीक असते, ते चुकून बारा बोरच्या नळीत घातले तर ते आत घसरून पुढे अडकते. नळी रिकामी आहे असे वाटून मागे बारा बोरचे काडतूस घातले की तेही बसते. मग बार काढताच नळी डाव्या हाताजवळ फुटते. गाडीच्या कप्प्यात, जॅकेटच्या खिशात सुटी काडतुसे एकत्र झाली की ही चूक होते. एका प्रवासात एकाच बोरची काडतुसे न्यावीत.

ठासणीची काळी दारू ठिणगीला फार हलकी असते. ती ज्या गाडीत आहे त्या गाडीत विडी-सिगारेट ओढू नये आणि तिचा डबा बॅटरी, जॅक किंवा हत्यारांच्या पेटीजवळ ठेवू नये. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर काडतुसे ठेवू नयेत. उष्णतेने आणि दमटपणाने ती खराब होतात, आणि ऐनवेळी न उडालेले किंवा उशिरा उडालेले काडतूस हा स्वतंत्र धोका आहे.

माझा नेहमीचा रस्ता अभयारण्यातून जातो. त्या रस्त्याने बंदूक नेता येईल का?

लेखी पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नये. या मुद्द्यावर फार मोठा गैरसमज आहे. वन्यजीव अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गाने प्रवास करणाऱ्याला प्रवेशाचा वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे लोकांना वाटते की आपण रस्त्यानेच जात आहोत, जंगलात उतरत नाही, तेव्हा अडचण नाही. पण शस्त्रासह प्रवेशाचा विषय कलम ३१ मध्ये वेगळा सांगितला आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करू नये असे ते कलम म्हणते, आणि त्यात महामार्गाची सवलत लिहिलेली नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच तरतूद लागू आहे.

देवगड-निपाणी रस्त्याने फोंडाघाट चढून दाजीपूर-राधानगरीकडे जाणाऱ्यांनी आणि परतवाड्याहून मेळघाटातल्या सेमाडोहमार्गे धारणीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तपासणी नाक्यावर वनरक्षक गाडी थांबवून झडती घेऊ शकतो. तो अधिकार त्याला कलम ५० ने दिलेला आहे. बंदूक सोबत असेल तर लांबचा पडला तरी दुसरा रस्ता धरावा.

अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांसाठी आणखी एक बाब आहे. कलम ३४ प्रमाणे त्यांनी आपले नाव वनखात्याकडे नोंदवणे आवश्यक असते. पुष्कळांना याची कल्पना नसते, म्हणून आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा जाऊन नोंद आहे की नाही ते पाहून यावे.

राखणीला जाताना वाटेत रानडुक्कर दिसले, परवानगीही आहे. गाडीतूनच बार काढता येईल का?

नाही. परवानगी असते ती आपल्या शेताच्या क्षेत्रात, आणि रस्ता हे सार्वजनिक ठिकाण आहे. रात्री गाडीच्या दिव्यात जनावर थिजून उभे राहते, त्यामागचे मात्र काहीच दिसत नाही. तेथे दुसऱ्या राखणदाराचा मांगर, म्हणजे शेतातली झोपडी, असू शकतो, रस्त्याकडेला बसलेला माणूस असू शकतो. डुक्कर समजून माणसावर बार काढल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात आणि त्यांत अनेकदा मारणारा आणि मरणारा एकमेकांना ओळखणारे असतात.

शिवाय गाडी, दिवा आणि बंदूक हे चित्र चोरट्या शिकारीचेच आहे. वन्यजीव गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन व शस्त्र कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता होते. हप्त्यावर घेतलेली पिकअप एका डुकरासाठी गमावू नये.

नाकाबंदीत पोलिसांनी थांबवले तर काय करावे?

गाडीत परवान्याची बंदूक आहे हे झडतीपूर्वी आपणहून सांगावे. हात दिसतील असे ठेवावेत, बंदुकीकडे स्वतः हात नेऊ नये, आणि ‘साहेब, बंदूक डिकीत आहे, रिकामी आहे, परवाना या खिशात आहे’ एवढे शांतपणे बोलावे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे पोलीस अधिकारी परवाना दाखवण्यास सांगू शकतो. तो दाखवता आला नाही तर तो नाव-पत्ता विचारू शकतो आणि आवश्यक वाटल्यास बंदूक ताब्यात घेऊ शकतो. म्हणून मूळ परवाना सोबत हवा. मोबाइलमधला फोटो त्याची जागा घेत नाही. परवान्याची मुदत आणि त्यावरील युनिक ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, निघण्यापूर्वीच तपासून घ्यावा.

मला वेळ नाही. भाऊ किंवा चालक बंदूक घेऊन गेला तर?

परवानाधारकासमोर, किंवा त्याने दिलेल्या लेखी अधिकारपत्रानिशी, दुसरी व्यक्ती बंदूक नेऊ शकते, पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठीच. ही सवलत शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये आहे आणि ती तेवढ्यापुरतीच आहे. तोंडी निरोप पुरत नाही. परवाना व अधिकार नसताना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे, आणि ती भोगावी लागेल आपल्या भावाला.

भाड्याच्या गाडीने जात असाल तर चालकाला आधी स्पष्ट सांगावे. वाहनावर काम करणाऱ्याला गाडीतल्या सामानात बेकायदा शस्त्र असल्याचा संशय आला, तर जवळच्या ठाण्यात कळवणे हे कायद्याने त्याचे कर्तव्य आहे. त्याच्यापासून लपवून त्याला अडचणीत टाकणे बरे नव्हे.

निवडणूक, मनाई आदेश आणि जत्रा यांच्या काळात काय?

निवडणुकीच्या आचारसंहितेत कोणत्या परवानाधारकांनी बंदुका जमा करायच्या हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. नोटीस आल्यास मुदतीत जमा करावी, पावती घ्यावी आणि पीक उभे असल्यास सूट मिळण्यासाठी लेखी अर्ज करावा. ऐन काजूच्या हंगामात बंदूक ठाण्यात आणि डुकरे बागेत, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. ती अर्जातच मांडावी, बंदूक लपवून नव्हे.

सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणारे मनाई आदेश वाचून मगच बंदूक घराबाहेर काढावी. जत्रा, मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि शाळा-महाविद्यालयाचा परिसर येथे बंदूक नेण्यास परवान्याच्या अटींनीच मनाई असते. वरातीत हर्षाने बार काढणे हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

वाटेत जेवायला किंवा मुक्कामाला थांबायचे असेल तर?

जेवायला थांबल्यास एका माणसाने गाडीपाशी थांबावे. मुक्काम टाळता येत नसेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवण्याची सोय आहे का ते आधी फोनवर विचारावे. लॉजच्या खोलीत बंदूक ठेवून बाहेर जाऊ नये. मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती, मग तो परवानाधारक असला तरी, बंदूक देऊ नये.

गाडीतून बंदूक चोरीला गेली तर?

त्याच क्षणी जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. उशीर न लावता कळवणे ही परवान्याची अट आहे. बंदुकीचा क्रमांक आणि परवान्याचा यूआयएन वेगळ्या वहीत लिहून ठेवलेला असावा. आधी आपणच शोधू, मग बघू, असे करण्यात गेलेले दोन दिवस पुढे फार महाग पडतात.

एअरगनला हे सगळे लागू आहे का?

साडेचार मिलिमीटरपर्यंत बोर आणि वीस ज्यूलपर्यंत शक्ती असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. परंतु तिने पक्षी किंवा ससे मारणे हीसुद्धा शिकारच आहे, आणि अभयारण्यात तीही शस्त्रच ठरते.

वडील वारले. त्यांची बंदूक मीच गाडीतून ठाण्यात नेऊन देऊ का?

आधी ठाण्यात मृत्यूची माहिती द्यावी आणि बंदूक कशी, केव्हा आणायची हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावे, कारण वडिलांचा परवाना आता आपल्याला संरक्षण देत नाही. मात्र विलंब करू नये. बंदूक ठासलेली आहे का हे जाणत्या माणसाकडून तपासल्याशिवाय ती हलवू नये.

परत आल्यावर काही करायचे असते का?

हो, आणि कोकणात तर नक्कीच. गाडीतली पिशवी ओलावा धरून ठेवते, विशेषतः आतून लोकर लावलेली. पावसाळ्यात एका रात्रीत नळीवर तांबूस डाग चढतो. घरी आल्यावर बंदूक लगेच पिशवीतून काढावी, पुन्हा एकदा रिकामी असल्याची खात्री करावी, कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवावा आणि कपाटात कुलपात ठेवावी. काडतुसे मोजून वेगळ्या जागी ठेवावीत. निघताना दहा होती आणि आता नऊ असतील, तर दहावे सापडेपर्यंत गाडीच्या सीटखाली, दाराच्या कप्प्यात आणि जॅकेटच्या खिशात शोधावे, कारण उद्या सकाळी त्याच गाडीत मुले शाळेत जाणार असतात.